पास्कूची जागा

नव्या सँडल चिखलात बुडू नयेत म्हणून मी माझ्या सख्ख्या भावाची जागा हरवली. हे असं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मी गोष्टीला फाटे फोडत बसते आणि मुद्द्यावर येईपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा गार होतो, असं माझी सून म्हणते. सँडल पांढऱ्या होत्या, टाच बोटभर उंच, पुढे प्लास्टिकचं फूल. डॅडींनी मस्कतहून पाठवल्या होत्या, अंदाजानं घेतलेल्या, म्हणून चांगल्या ढगळ. मी पुढे कापूस कोंबून त्या घालायचे आणि बदकासारखी चालायचे. मला वाटायचं अख्खं गावठाण माझ्याकडे बघतंय. बघत असेलही. रस्त्यानं बदक चाललं तरी माणसं बघतातच.

गावठाण अंधेरीतलं. शेतं केव्हाच गेली होती, त्यांच्या जागी कारखान्यांच्या शेडी उभ्या होत्या, पण मधोमध कौलारू घरांचा पुंजका हट्टानं टिकून होता आणि त्याच्या एका टोकाला आमचं देऊळ. आम्ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. आमच्या तोंडी चर्चला देऊळच म्हणतात आणि कुठल्या फादरनं कधी त्याला हरकत घेतल्याचं मला आठवत नाही. घरात आम्ही तिघी बायका. आजी, म्हणजे डॅडींची आई, गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी अधू, पण कान असे की शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर हिला आधी कळायचं. ती लुगडं नेसायची आणि डॅडींना ‘तुझा बापूस’ म्हणायची. मी इंग्रजी शाळेत जाणारी, मला बापूस म्हणायची लाज, म्हणून डॅडी. आता माझी नातवंडं मला ‘ग्रॅनी’ म्हणतात तेव्हा मी कोणत्या तोंडानं रागावणार?

मे महिन्यात आमच्या अंगणात मसाला कुटायला बायका यायच्या. मिरच्या, धणे, तीळ, खसखस, हळकुंडं, सगळं चटयांवर वाळत पडलेलं असायचं आणि त्यावरून कोंबड्या हाकलायचं काम माझ्याकडे. मग उखळीभोवती बायका उभ्या राहायच्या आणि मुसळं एकाआड एक पडायची, एकमेकांना कधी न लागता. त्या आवाजात आमचं घर पार मागच्या भिंतीपर्यंत हलायचं. शिंकून शिंकून जीव जायचा. कुटलेला मसाला तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा, वर बूच, आणि बाटल्या ओळीनं कपाटात. आई त्या बायकांबरोबर गायची, हसायची, त्यांच्या चावट गाण्यांवर वरताण करायची. माझी आई गप्प स्वभावाची होती असं कोणी समजू नये. ती फक्त एका विषयावर गप्प होती.

तो विषय पास्कू. बाप्तिस्म्याचं नाव पास्कल. माझ्या पाठचा. बसायला लागला आणि हगवणीच्या तापात गेला. मला त्याचं काहीच आठवत नाही, एवढंच आठवतं की माझी जागा आईच्या कुशीतून आजीच्या कुशीत गेली होती आणि मग एक दिवस ती मला परत मिळाली, आणि मला आनंद झाला. लहान मूल म्हणजे शुद्ध स्वार्थ. आमच्या घरातल्या त्या नमुन्याचं नाव रेजिना, लाडानं रेजी.

देवळाच्या दक्षिणेला भिंतीच्या आत लांबट कबरस्तान होतं. पैसेवाल्यांच्या कबरी संगमरवरी, पुढच्या बाजूला. आमच्यासारख्यांच्या मागे, मातीच्या. नुसता उंचवटा आणि लाकडी क्रूस. क्रूस वाळवी खायची, उंचवटा पाऊस खायचा. मग कोणाची कबर कुठली हे घरच्या माणसांनी लक्षात ठेवायचं. ते लक्षात राहावं म्हणूनच जणू नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्यांचा दिवस असतो. त्या दिवशी घरोघरची माणसं जाऊन गवत उपटतात, नवी लाल माती घालतात, झेंडूची फुलं, मेणबत्त्या, आणि फादर पवित्र पाणी शिंपडत एकेका कबरीपाशी थांबत जातात. कोण कुठे उभं आहे यावरून सगळ्या गावाला कळतं, कोण कुठे निजलेलं आहे.

आई कधी जायची नाही. आजीनं तिला घातलेली शपथ होती. आजीचं म्हणणं, लेकराच्या मातीवर आई रडली की खाली त्याचे कपडे भिजतात आणि ते बिचारं थंडीनं कुडकुडतं. ‘तुला रडू आवरणार नाही, मोनिका, तू जाऊ नको,’ असं तिनं पुरायच्या दिवशीच सांगितलं आणि आईनं ते मानलं. म्हणून त्या संध्याकाळी आई घरी राहायची. मैद्याचं पीठ नारळाच्या दुधात फेटून ठेवलेलं असायचं, ते अंगठ्याच्या बेचक्यातून पिळून उकळत्या तेलात सोडायचं की टम्म फुगे तयार. आम्ही परत आलो की ते आणि मटणाचा रस्सा. डॅडी होते तोवर तेच मला घेऊन जायचे. पास्कूची कबर अगदी भिंतीला लागून होती. शाळेच्या पाण्याची टाकी भिंतीच्या पलीकडे, ती बाराही महिने गळायची, त्यामुळे तिथं कायम चिखल. डॅडी पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे, टाकीच्या नावानं आणि शाळेच्या कमिटीच्या नावानं शिव्या द्यायचे, आणि मेलेल्यांच्या दिवशी शिव्या दिल्या म्हणून लगेच कपाळावर क्रूसाची खूण करायचे.

मग डॅडी मस्कतला गेले आणि मेणबत्त्या माझ्या हातात आल्या. पहिल्या वर्षी मी शहाण्यासारखी अनवाणी गेले. दुसऱ्या वर्षी सँडल आल्या. गुलाबी फ्रॉक, केसांना रिबन, आणि समोर गायकमंडळातला गिटारवाला आपल्या आजोबांच्या कबरीपाशी उभा. आता सांगा, अशा वेळी चिखलात कोण उतरेल? चिखलाच्या अलीकडे एक कोरडा उंचवटा होता, कोणीच न आलेला, गवत माजलेला. मी तिथं थांबले. वाकले, गवत उपटलं, फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या, आणि मनात म्हटलं, पास्कू, चार पावलांचा तर फरक आहे, तुला काय कळतंय. फादर आले, पाणी शिंपडलं, पुढे गेले. गिटारवाल्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, हे तेवढ्यासाठी सांगते की मूर्खपणाचा हिशेब पुरा व्हावा. पुढल्या वर्षी पुन्हा तिथंच. त्याच्या पुढल्या वर्षी मला त्यात काही वावगं आहे हेही आठवलं नाही. लोकही म्हणायला लागले, तो उंचवटा मोनिकाच्या बाळाचा. खोटं सुद्धा दरवर्षी मेणबत्ती लावली की खरं होतं.

इकडे देऊळ पुरेनासं झालं होतं. आजूबाजूच्या माळावर कॉलन्या उठल्या, मंगळुरी आले, केरळी आले, गोवेकर आले, आणि रविवारी मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, अर्धी माणसं बाहेर छत्र्या उघडून उन्हात उभी. आत फादर काय म्हणतात ते बाहेर कळायचं नाही. आतले उठले की बाहेरचे उठायचे, आतले गुडघ्यावर बसले की बाहेरचे धुळीकडे बघून विचारात पडायचे. शेवटी नवं देऊळ बांधायचं ठरलं. फादरनी कमिटी नेमली आणि तिच्यावर आल्फ्रेडकाकाला बसवलं. आल्फ्रेडकाका आमच्या शेजारचा, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, मोठ्यानं बोलायची सवय तिथली. शाळेच्या हॉलमध्ये बैठका व्हायच्या, पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसायची, आणि त्या अवघड अवस्थेत भांडायची. कोणाला मनोरा हवा, पलीकडच्या देवळापेक्षा उंच. बायकांना मनोऱ्याआधी संडास हवा. एका बैठकीत नव्या देवळाचं रंगीत चित्र आणलं. त्यात निळं आभाळ, सुरूची झाडं, आणि समोर गोरी माणसं कुत्रा घेऊन फिरायला आलेली. आजीला मी काय काय आहे ते कानात सांगत होते. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘ही कोण माणसं? आपल्यातली कुठं उभी केलीत?’ हॉल हसला. मग तिनं विचारलं, मराठी मिस्सा राहणार की जाणार, तेव्हा कोणी हसलं नाही. फादर म्हणाले, राहणार, सकाळची पहिली. आणि राहिली, एवढं खरं.

त्याच बैठकीत आल्फ्रेडकाकानं घसा साफ केला आणि सांगितलं की दक्षिणेची बाजू वाढवावी लागेल. मागच्या मातीच्या कबरी नव्या देवळाच्या पायात येतील. हॉलमध्ये बाहेरच्या टाकीचं गळणं ऐकू आलं. फादरनी मग हळू आवाजात समजावलं. ज्यांची माणसं तिथं आहेत त्यांनी नाताळपूर्वी आपापल्या कबरीवर चुन्याची खूण करावी. नाताळानंतर सगळ्यांसमोर प्रार्थना करून त्या उघडतील. अस्थी घरच्यांनी पांढऱ्या कापडाच्या पिशवीत भरायच्या, मागच्या भिंतीत कोनाडे बांधून होतील, तिथं कायमच्या ठेवायच्या. ज्यांचं कोणी येणार नाही त्यांच्या अस्थी एकत्र पुरतील, त्यांच्यासाठी एक मिस्सा म्हणतील.

घरी येऊन आईनं ट्रंकेतला मांजरपाट काढला आणि पिशवी शिवायला बसली. मशीन असून हातानं शिवली. बाळाच्या उशीएवढी पिशवी, कडेला बारीक टीप, तोंडाला नाडी. पास्कूबद्दल ती जे काही बोलली नव्हती ते सगळं त्या टिपेत घातल्यासारखी शिवत होती. पिशवी झाली की तिनं ती धुतली, वाळवली, इस्त्री केली, आणि दोन दिवसांनी पुन्हा धुतली. आजी म्हणाली, आता तू जा गं मोनिका, आता तो मातीतून बाहेर यायचा, आता रडलीस तरी चालेल. मी चुन्याची बादली घेऊन निघाले तेव्हा आजीनं ओटीवरून विचारलं, ‘भिंतीला लागून ना? चिखल आहे तिथं? तुझा बापूस शिव्या घालायचा.’ मला डॅडींची दुमडलेली पँट आठवली. त्या वेळी थांबले असते तर. पण घरात ती जागा ठाऊक असलेली मी एकटी, आणि त्या तोऱ्यात मी म्हटलं, हो गं, तीच. आणि गेले, आणि कोरड्या उंचवट्याभोवती छान गोल चुना ओढला.

तो दिवस थंडीचा होता. मुंबईत थंडी म्हणजे काय, पण म्हातारे कानटोप्या घालून आले होते. घरोघरची माणसं आपापल्या खुणेपाशी उभी, हातात पिशव्या. संतान नावाचा माणूस कबरी खणायचा. आधी त्याचा बाप खणायचा, तो जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यानं टोकापासून सुरुवात केली. कोणाच्या आजोबांचे दात निघाले, कोणाच्या आईची जपमाळ निघाली, माणसं रडायची आणि मध्येच ओळख पटल्यासारखी हसायचीही. आई पहिल्यांदाच तिथं आली होती. लग्नातली मोतिया साडी नेसून, जसं काही कोणाला स्टेशनवर घ्यायला आलीय. पिशवी दोन्ही हातांत धरलेली.

संतान आमच्या चुन्याच्या आत उतरला. थोडं खणलं आणि थांबला. मग बोटांनी माती बाजूला करायला लागला. त्यानं पायाचं एक हाड वर काढून आईच्या पायाशी ठेवलं, आणि ते आईच्या हातातल्या पिशवीपेक्षा लांब होतं. पाठोपाठ हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. संतान खड्ड्यातून वर न बघता म्हणाला, ‘बाई, हे बाळ नाय. कोणतरी म्हातारी आहे.’

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही पाहिलं. तिला अजून वाटत होतं की मी काहीतरी सांगेन आणि सगळं सरळ होईल. ‘रेजी, इथंच लावायचीस ना तू?’ मी हो म्हटलं. ‘पहिल्यापासून?’ आणि मग माझ्या तोंडातून सगळं भडाभडा बाहेर पडलं, चिखल, सँडल, फ्रॉक, चार पावलं, दुसऱ्या वर्षापासून, सगळ्यांसमोर. गिटारवालाही तिथं होता. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मला कोणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं सगळेच म्हणतात, आणि ते खरं असतं. फादरनी बाकीच्यांची प्रार्थना पुढे चालवली आणि संतान भिंतीकडे गेला. मी चिखलात उतरून दाखवत होते, इथं, नाही, इथं असेल. डॅडींनी पँट दुमडून उभं राहण्याची जागा मला दिसत होती, पण त्यांच्या पायाखालची जमीन दिसत नव्हती. संतान दुपार कलेपर्यंत खणत राहिला. काळी चिकट माती, कुदळीला लगदा लागायचा, खड्ड्यात पाणी भरायचं, तो डब्यानं उपसायचा आणि पुन्हा खणायचा. काहीच निघालं नाही. शेवटी तो वर येऊन बसला. म्हणाला, एवढंसं लेकरू आणि अशी पाण्याची जागा, बाई, काय उरणार? आल्फ्रेडकाका, ज्याचा आवाज कधी कोणी हळू ऐकला नव्हता, टोपी हातात घेऊन टाकीकडे बघत उभा होता. फादर आईला म्हणाले की देवळाखालची सगळीच जमीन आशीर्वादित होणार आहे, मोनिका. त्यांचा हेतू चांगला होता. आईनं मान हलवली.

मग तिनं मला घरी पाठवलं, उशीचा अभ्रा आण म्हणून, भरतकामाचा. मी पळत जाऊन आणला. त्या म्हातारीची हाडं बाजूला रचून ठेवली होती, बेवारशी म्हणून. आल्फ्रेडकाका म्हणाला, मोनिका, ती आपल्यातली कोण आहे ते माहीत नाही, तिला सगळ्यांबरोबर ठेवू. आईनं पदर खोचला आणि खाली बसून एकेक हाड पुसून अभ्र्यात भरायला लागली. म्हणाली, ‘इतकी वर्षं आमच्या मेणबत्त्या घेतल्या तिनं. आता आमचीच ती.’ आमच्या नावाच्या कोनाड्यात ती म्हातारी गेली. दगडावर नाव नाही, नुसता क्रूस. बांगड्यांचे तुकडेसुद्धा आईनं सोडले नाहीत. रिकामी पिशवी तिनं घडी घालून कमरेला खोचली, आणि नंतर ती मी कुठेही पाहिली नाही.

डॅडींना कोणी कळवलं, कसं कळवलं, मला माहीत नाही. पुढच्या सुट्टीत आले तेव्हा टाकीकडची ती भिंतच नव्हती. तिथं सळ्या उभ्या होत्या आणि त्यांच्यात काँक्रीट ओतलेलं. ते बराच वेळ फिरत राहिले, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि मग मला म्हणाले, चल घरी, ऊन आहे. शिव्या त्यांनी दिल्या नाहीत.

नवं देऊळ आता जुनं झालं. भिंतींना ओल येते, त्याच्या दुरुस्तीची नवी कमिटी आहे, ती अशीच भांडते. बाक मात्र मोठ्या माणसांचे आहेत. दक्षिणेच्या बाजूला मागे एक जाडजूड खांब आहे, तिथून वेदी अजिबात दिसत नाही, त्यामुळे ती जागा नेहमी रिकामी. मी तिथं बसते. नातवंडांना सांगते, पंख्याखाली बरं वाटतं. धाकटी नात हुशार आहे, ती म्हणते, ग्रॅनी, इथं पंखाच नाही. मी म्हणते, गप बस, प्रार्थना कर.

पण सांगायचं राहिलं ते वेगळंच. कबरी उघडल्या त्याच वर्षीचा नोव्हेंबर आला. देवळाचा सांगाडा उभा होता, बांबूंच्या परांच्या लागल्या होत्या, मागच्या कोनाड्यांना चुना दिला होता. मी मेणबत्त्या घेतल्या, पायात काही घातलं नाही, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आईला म्हटलं, आज तूही चल, आता तर आजीची शपथ नाही. ती फुग्यांचं पीठ फेटत होती. फेटायची थांबली नाही. आजी बाहेर ओटीवर होती, म्हणून आवाज खाली आणून ती म्हणाली:

‘तू नव्या सँडल घालून मेणबत्त्या घेऊन गेलीस ना, त्या वर्षापासून मी दरवर्षी मागच्या गल्लीत यायचे, टाकीच्या ओट्यावर चढून भिंतीवरून बघायचे. आजीला बोलू नको. रडायचे नाही गं, नुसती बघायचे. तू जिथं वाकायचीस तिथं तो, असं धरून वर्षभराचं सगळं बोलून घ्यायचे त्याच्याशी. आता मी कुठं बघू, तेवढं सांग.’